थांबमायची जागा

पौर्णिमाने खुणेसाठी ब्रश लाल रंगात बुडवला आणि ती दगडापाशी वाकली, तेवढ्यात ओसरीवरून वच्छलाबाईंचा आवाज आला.

"ओ पोरी! पयले चप्पल काढ. अन् तो रंग ठेव तिकडं. मायले काय असा डब्यातला रंग लावतेत?"

पौर्णिमा दचकून उभी राहिली. तिने चपला काढून फाटकाबाहेर ठेवल्या, ब्रश डब्यात टाकला आणि दगडाला हात जोडले. मग कुठे वच्छलाबाई ओसरीच्या पायऱ्या उतरल्या. उतरल्या म्हणजे भिंतीला धरून, प्रत्येक पायरीवर "आई वं" म्हणत. गुडघ्यांनी त्यांच्याशी केव्हाच उभा दावा मांडला होता.

पौर्णिमा अमरावतीहून आली होती. बेलघाटला नुकतीच नगरपंचायत मिळाली होती आणि गाव पुढे कसं अन् कुठे वाढणार, याचा नकाशा करायचं काम तिच्याकडे होतं. वाढणार तरी कुठे, हाच मोठा प्रश्न. उत्तरेला सातपुडा आडवा. दक्षिणेला तलाव. पश्चिमेला संत्र्याचे बगीचे, आणि बगीचेवाला एक वेळ जीव देईल, झाड देणार नाही. राहिली पूर्व, तर पूर्वेला नाला. उन्हाळ्यात त्याच्या पात्रात बकऱ्या चरतात आणि आखाडात एखाद्या दिवशी तोच नाला बैलबंडी ओढून नेतो. म्हणून पाणी आजवर जास्तीत जास्त कुठवर आलं ते पाहून नकाशावर एक निळी रेघ मारायची आणि रेघेच्या आत नवं घर बांधू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. गावात पौर्णिमाने ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, "नत्थुजीच्या घरी थांबमाय हाये. पाणी तिथवर आल्तं. पुढं नाही."

"हीच का थांबमाय?" तिने विचारलं.

"हेच. माह्या सासूनं मांडली." वच्छलाबाईंनी पदराने दगडावरचं वाळलेलं फूल झटकलं. "गोपाल माहा पाळण्यात होता त्या सालचा पूर. सारं घर जीव घेऊन पळालं अन् पाणी मांगं लागलं. मंग सासूनं पाण्याले हळद-कुंकू वाह्यलं, हातातल्या हिरव्या बांगड्या वाह्यल्या अन् म्हणे, थांब माय, आता इथंच थांब. अन् थांबलं ना पोरी पाणी! जिथं थांबलं तिथं हे माय मांडली."

"म्हणजे पाणी इथंच थांबलं?"

"थांबमाय इथं हाये, तर पाणी अजून कुठी थांबीन?"

नत्थुजी तेव्हा गाईसाठी कुटाराचं टोपलं घेऊन अंगणातूनच चालले होते. ते थबकले. त्यांनी तोंड उघडलं. मग टोपलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि तोंड मिटून गोठ्यात गेले.

पौर्णिमाने दगडाशेजारी यंत्राची काठी उभी केली, काहीतरी मोजलं, टिपलं. वच्छलाबाईंनी तिला चहा पाजला, पिशवीभर संत्री दिली आणि "लग्न झालं काय तुहं?" हेही विचारून घेतलं. ती गेल्यावर नत्थुजी गोठ्यातून बाहेर आले.

"तू तिले सांगतलं नाही."

"काय सांगतलं नाही?"

"दगड मी इथं उचलून आणला म्हून."

"तुमी उचलली म्हून माय बदलली काय?" वच्छलाबाई म्हणाल्या. "माय जिथं बसली तिथं तिची जागा. इथं आल्यापासून एक डाव तरी पाणी अंगणात आलं? सांगा ना."

आलं नव्हतं, हे खरं. तसा पूरही पुन्हा आला नव्हता, हेही तितकंच खरं. पण बायकोशी अशा बाबतीत वाद घालून नत्थुजी आजवर कधी जिंकले नव्हते.

खरी गोष्ट अशी होती. नत्थुजींचं घर एका उंचवट्यावर होतं. पुढे नाला, मागे त्यांचंच खोलगट वावर, आणि वावराच्या पार टोकाला, जिथून गावाची चढण सुरू होते तिथे, एक जुना कडुनिंब. त्या पुराच्या दिवशी नाला वरच्या वळणावर फुटला आणि घराला वळसा घालून मागच्या वावरात शिरला. घर मधल्या मधे कोरडं राहिलं, पण ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी तर नत्थुजी गोपालला खांद्यावर घेऊन, कमरेइतक्या पाण्यातून वावर ओलांडून पळाले होते. पाणी त्यांच्या मागोमाग थेट निंबाच्या बुडाशी आलं. त्यांच्या आईने कुंकू वाहिलं ते तिथे. थांबमाय मांडली ती तिथे.

सासूनंतर वच्छलाबाई रोज वावर तुडवत दिवा लावायला जात. मग गोपाल कळत्या वयाचा व्हायच्या आधीच मामाकडे अमरावतीला शिकायला गेला, पुढे तिकडेच राहून शिकवणीच्या क्लासवर गणित शिकवू लागला, आणि इकडे तो गेल्यावर थोड्याच वर्षांत त्यांचे गुडघे गेले. एक दिवस त्या वावराच्या मधोमध बसून राहिल्या. ना पुढे जाता येई, ना मागे. नत्थुजींनी त्यांना धरून घरी आणलं, बंडी जुंपली आणि थांबमाय उचलून अंगणात आणून बसवली. वच्छलाबाई त्या दिवशी देवाला भ्यायल्या, नवऱ्यावर ओरडल्या, आणि संध्याकाळी अंगणात दिवा लावताना रडल्या. बायकोसाठी जन्मात एकदाही साडी स्वतःच्या पसंतीने न आणलेल्या माणसाने एवढं एक काम केलं होतं.

पुढे पावसाळे गेले, शेजारपाजारचे म्हातारे गेले, आणि थांबमाय पहिल्यापासून नत्थुजींच्या अंगणातच आहे असं गाव समजू लागलं.

शिमग्याच्या आधी नकाशा नगरपंचायतीच्या भिंतीवर लागला. सारं गाव पाहायला लोटलं. ज्या जागेवर घरं बांधता येतील ती पिवळी, शेती हिरवी, पाणी निळं. जो तो एकमेकाला विचारत होता, "तुहं पिवळं झालं का बावा?" हॉटेलात बसून गावचा टवाळ शालिकराम म्हणाला, एवढी माणसं तर काविळीच्या साथीतही पिवळी झाली नव्हती.

निळी रेघ नत्थुजींच्या अंगणातून, अगदी थांबमायला शिवून गेली होती. घर रेघेच्या बाहेर आणि घरामागचं वावर लख्ख पिवळं.

संध्याकाळी गोपालचा फोन आला. वच्छलाबाईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना फोन कानाला लावून बोलणं म्हणजे खोटं बोलल्यासारखं वाटे.

"आई, मले मालूम झालं. मागचं वावर पिवळं झालं म्हणते."

"झालं ना बावा!"

"मंग आमी येतो. इथं जवळच, वरूडले सोताचा क्लास काढतो. मांगं घर बांधतो. वर्षाली तयार हाये, अपेक्षा तर नाचून राहिली."

वच्छलाबाईंना हुंदका आला. त्यांनी फोन नत्थुजींच्या हातात दिला. नत्थुजी फोनकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "बरं बरं." त्यांना आनंद झाला की असंच होई, दोन शब्दांपुढे गाडी जात नसे. तरी त्या दिवशी ते जेवताना भाकरी चुरत बसले आणि भाजी वाढलेली त्यांच्या लक्षातच आली नाही.

गोपालने घरी यावं हे दोघांच्याही मनात वर्षानुवर्षं होतं. अडलं होतं ते जागेवर. घर दोन खोल्यांचं. मागच्या दिवाळीला नात अपेक्षा चुलीच्या खोलीत डब्यांमधे झोपली होती. तेव्हा गोपाल चाचरत म्हणाला होता, "बाबा, गोठा काढला तर अंगणात दोन खोल्या निघतेत." नत्थुजी ताडकन उठले होते. "अन् गाय कुठी बांधू? तुह्या डोक्यावर?" गाय म्हणजे त्यांचा जीव की प्राण. विषय तिथेच मिटला आणि गोपाल भाऊबीज होताच निघून गेला. नत्थुजींना त्या बोलण्याचं वाईट वाटत होतं. पण बोललेलं मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

आता जागा आपण होऊन चालत आली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. मुलगा घरी येत होता, नात येत होती, आणि त्यासाठी नत्थुजींना काही करायचं नव्हतं, फक्त एक गोष्ट सांगायची नव्हती. पण मागच्या वावराकडे नजर गेली की त्यांना खांद्यावरचं ते लेकरू आठवे आणि कमरेला लागलेलं गार पाणी आठवे. ते नजर फिरवून गाईच्या पाठीवर हात फिरवत बसत.

"तुमाले होऊन काय राहिलं?" वच्छलाबाईंनी एकदा विचारलंच.

"कुठी काय."

"पोरगं येऊन राहिलं त हासा ना थोडं."

नत्थुजी हसले. वच्छलाबाई म्हणाल्या, राहू द्या, त्यापेक्षा न हसलेलं बरं.

पुढच्या रविवारी गोपाल, वर्षाली आणि अपेक्षा आले. गोपालने पाटीभर चुन्याची फक्की आणली आणि मागच्या वावरात घर आखायला घेतलं. ही खोली, ही खोली, हा हॉल. अपेक्षा एका चौकोनात जाऊन उभी राहिली आणि ही माझी, म्हणून तिने दोन्ही हात पसरले. सुनेच्या, वर्षालीच्या खांद्यावर हात ठेवून वच्छलाबाईही आल्या. त्या वावरात त्यांनी किती तरी वर्षांनी पाय ठेवला होता.

"आई, इकडून या," वर्षाली म्हणाली.

"भितीतून कशी येऊ वं? दार तिकडं हाये." आणि त्या पांढऱ्या रेघेला वळसा घालून, दाराची म्हणून जिथे जागा सोडली होती तिथून आत गेल्या. सगळे हसले. आपल्या घरात आल्यासारख्या त्या चारी खोल्यांतून फिरल्या, न दिसणाऱ्या ओट्यावर हात ठेवला आणि ओटा उंच झाला म्हणाल्या.

त्याच वेळी पौर्णिमा आली. या वेळी तिने आपण होऊन चपला काढल्या. नकाशा पक्का करून पाठवण्याआधी तिला एक शंका विचारायची होती. नत्थुजी बांधावर उभे होते, ती त्यांच्यापाशी गेली.

"काका, मोजमाप जुळत नाही आहे. हे मागचं वावर तुमच्या अंगणापेक्षा खोल आहे. अंगणापर्यंत पाणी चढलं असेल, तर वरच्या वळणावरून ते इकडे शिरायला पाहिजे होतं. शिरलं होतं का कधी?"

नत्थुजींनी वावराकडे पाहिलं. अपेक्षा तिच्या खोलीत मातीवर बसली होती आणि ओंजळीने खिडकी आखत होती.

"एवढं जुनं कोणाले आठवते पोरी," ते म्हणाले.

"तुम्हीच आठवायचं काका. तुमच्याशिवाय कोणी राहिलं नाही."

"नाही आठवत."

पौर्णिमाने वही मिटली. "ठीक आहे मग. आहे तसाच पाठवते." तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच नत्थुजींना जास्त लागलं. ते खाली वाकून उगाच बांधावरचं गवत उपटू लागले.

"गोपाल!" तिकडून वच्छलाबाईंनी हाक मारली. त्या वर्षालीला धरून वावराच्या टोकाला, निंबाखाली जाऊन उभ्या होत्या. "देवघर इथं पाह्यजे."

"आई, ते लय दूर होते. घर इकडं हाये."

"होऊ दे दूर. मायची जागा हेच हाये. तिले परत इथं आणून बसव."

गोपालच्या हातातली पाटी तशीच राहिली. "परत म्हंजे?"

"परत म्हंजे परत. इथूनच त नेली तुह्या बापानं, बंडीत घालून. माहे गुडघे गेले, इथवर येणं होये ना, म्हून नेली. आता माहं पोरगं आलं. आता तिले तिच्या घरी बसवू."

गोपाल गणिताचा मास्तर होता. त्याने निंबाकडे पाहिलं, मग नाल्याकडे, आणि मग मधे आखलेल्या चार पांढऱ्या खोल्यांकडे.

"आई, पाणी इथवर आल्तं?"

"अरे, या बुडाशी! तुले बापानं खांद्यावर धरलं होतं. तुह्या हातातला चांदीचा खुळखुळा इथंच पाण्यात पडला. तुह्या मामानं देल्ला होता. गेला तो गेलाच." इतक्या वर्षांनीही त्यांनी खुळखुळ्यासाठी गोपालकडे रागाने पाहिलं.

गोपाल बांधाकडे वळला. "बाबा, तुमाले मालूम होतं?"

नत्थुजींच्या मुठीत गवत होतं. "होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू येऊन राहिला होता ना बे." नत्थुजींचा आवाज फाटला. "बोललो असतो, तर कुठी राह्यला असता? आला असता काय तू?"

वर्षालीने अपेक्षाला जवळ बोलावलं. अपेक्षा खोलीतून निघाली ती सरळ भिंत ओलांडून आली, आणि या वेळी वच्छलाबाई तिला दारातून ये म्हणाल्या नाहीत. त्या निंबाच्या खोडाला टेकून शांतपणे उभ्या होत्या. नत्थुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. आपल्या बोलण्याने काय झालं ते हिला समजलं होतं की नव्हतं? ही बाई येडी आहे की लय शाणी, हे त्यांना एवढ्या संसारात उमगलं नव्हतं, आणि आजही उमगलं नाही.

"काका," पौर्णिमा हळूच म्हणाली, "हे वावर मला निळ्या रेघेत घ्यावं लागेल. इथे मग घर होणार नाही."

"घे पोरी."

"अन् जुनं घर?" गोपालने विचारलं.

"त्याला काही नाही. घर, अंगण, सगळं उंचावर आहे. तिथे पाणी येत नाही."

गोपालने मान हलवली. तो अंगणात गेला, दुपट्ट्याची चुंबळ करून खांद्यावर ठेवली आणि थांबमाय उचलून आणली. निंबाखालची जुनी खळगी अजून तशीच होती, पाला सारला तर दगड तिच्यात नेमका बसला. वच्छलाबाईंनी कुंकू लावलं. पौर्णिमाने हात जोडले, आणि मग यंत्राची काठी शेजारी उभी करून पुन्हा मोजायला घेतलं.

वच्छलाबाईंनी वळून घराकडे पाहिलं. तिथून ते फार लांब दिसत होतं.

"आता एवढ्या दूर रोज मले कोण आणीन वं माय?" त्या दगडालाच म्हणाल्या.

गोपालने ते ऐकलं. त्याने उरलेल्या चुन्याची पाटी उचलली आणि तो घराकडे चालू लागला. पोरगं रागावलं, आता अमरावतीची गाडी काढणार, असं नत्थुजींना वाटलं. ते मागोमाग निघाले. बाकीचे वच्छलाबाईंच्या पावलाने, हळूहळू आले.

गोपाल अंगणात थांबला होता. त्याने पाटीत हात घातला आणि ओसरीच्या कोपऱ्यापासून चुन्याची रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ तुळशीजवळून गेली, अंगण ओलांडून गोठ्याच्या तोंडाशी गेली. तिथे गाय बसली होती. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. गोपालचा हात थांबला. त्याने बापाकडे पाहिलं नाही आणि पुढेही गेला नाही, मुठीतला चुना बोटांतून गळत राहिला.

मागून आलेल्या वच्छलाबाईंनी वर्षालीचा हात घट्ट धरला. "अवो..." एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नत्थुजी रेघेपाशी आले. एक डोळा मिटून त्यांनी ती ओसरीपासून गोठ्यापर्यंत नीट पाहिली.

"वाकडी गेली ना बे रेघ," ते म्हणाले. "मास्तर म्हणते सोताले. दोरी धराव लागते."

आणि वाकून त्यांनी गाईचा दोर खुंट्यावरून सोडला. गाय उठली. तिच्या पाठीवर थाप मारून ते तिला घरामागे, निंबाकडे घेऊन गेले.